बोटांसाठी भूमिती

आमच्या छापखान्यात शाईचा थेंबही नसतो. पहिल्यांदा येणारा माणूस दारात थबकतो, ओळखीचा वास शोधतो आणि विचारतो, “मग तुम्ही छापता कशाने?” मी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवते. ते सुरू असलं तर उत्तर ओरडून द्यावं लागतं, कारण जाड कागदावर ठिपके ठोकणाऱ्या त्या यंत्राचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा येतो. अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. अंध मुलांची शाळेची पुस्तकं आम्ही ब्रेलमध्ये तयार करतो. आमच्या खालच्या मजल्यावर चष्म्याच्या फ्रेमचा कारखाना आहे. हा विनोद आम्ही केलेला नाही, जागा तशी मिळाली.

मी इथे लागले ती मराठी टायपिंग चांगलं येतं म्हणून. माझं शिक्षण राजापूरकडच्या एका लहान शाळेत झालं. घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. वडील बसस्टँडसमोरच्या हॉटेलात भजी तळायचे. तरीही शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या दप्तरात सगळी पुस्तकं असायची, कारण आमच्या शाळेत पुस्तकपेढी होती आणि ती चालवणाऱ्या नाईकबाई मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत बसून जुन्या पुस्तकांना कव्हरं घालायच्या. वरच्या वर्गातल्या मुलीच्या पेन्सिलीच्या खुणांसकट ते पुस्तक माझं व्हायचं. मी पदवीधर झाले याचं श्रेय मी देवाला आणि नाईकबाईंना निम्मं निम्मं देते. त्यामुळे या केंद्रात आल्यावर मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल, तर अंध मुलाला जूनचं पुस्तक दिवाळीला मिळतं आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, हे. शेजारच्या बाकावरचा मुलगा चौथ्या धड्यावर असताना हा पहिल्याची वाट बघत बसलेला असतो. मग शिक्षक म्हणतात, मुलगा जरा मागे आहे.

कामाविषयी थोडं सांगते. ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांची मांडणी. दोन उभ्या ओळी, एकेकीत तीन जागा. त्यातले कोणते ठिपके उठलेत, त्यावरून अक्षर ठरतं. मजकूर टाइप केला की संगणक त्याचं ब्रेल करून देतो आणि यंत्र ते कागदावर ठोकतं. ऐकायला सोपं वाटतं. पण छापील पुस्तकाचं एक पान ब्रेलमध्ये दोन-तीन पानं खातं, कागद जाड लागतो, आणि ठिपके उठलेले असल्याने पानं एकमेकांवर चपखल बसत नाहीत, फुगून राहतात. दहावीचं पुस्तक आमच्याकडे येतं ते पिशवीतून. परत जाताना त्याचे खंड रिक्षाच्या मागच्या सीटवर मुलाशेजारी ऐसपैस बसून जातात.

छापून झालेलं प्रत्येक पान देवधरबाईंच्या बोटांखालून जातं. त्या आमच्या मुद्रितशोधक. जन्मापासून अंध, इतिहासात एम.ए., राहायला मुलुंडला. आवाज असा, की यंत्र चालू असतानाही त्यांना ओरडावं लागत नाही. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘अगं ज्योती’ म्हणतात आणि मी त्यांना बाई म्हणते. त्यांच्या तिरकसपणाचा एक नमुना सांगते. बोरिवलीचे एक हॉटेलमालक मोठ्या हौसेने ब्रेलमधलं मेनूकार्ड घेऊन आले होते. “डिझायनरकडून करून घेतलंय. तुमच्या लोकांना एकदा दाखवू म्हटलं.” कार्ड खरोखरच देखणं होतं. काळ्याभोर कागदावर सोनेरी ठिपके. फक्त ते ठिपके सोनेरी शाईने छापलेले होते, उठलेले नव्हते. बाईंनी कार्डावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाल्या, “कागद छान आहे. खायला काय मिळतं तुमच्याकडे?”

हसू येतं, पण आमच्याच पुस्तकांत त्याहून वाईट एक ओळ वर्षानुवर्षं छापली जात होती. मजकुराचं ब्रेल यंत्र करतं. त्रिकोण, वर्तुळं, नकाशे आले की ते हात टेकतं. मग तिथे आम्ही लिहायचो, ‘येथे आकृती आहे. छापील पुस्तक पाहावे.’ अंध मुलाला आम्ही छापील पुस्तक पाहायला सांगत होतो! सगळीकडे तसंच चालायचं, आणि अंध विद्यार्थ्यांना गणिताऐवजी दुसरा विषय घ्यायची सवलत असल्याने तक्रारही येत नसे. किती मुलांनी त्या ओळीपाशी येऊन गणित सोडलं असेल, कोण जाणे. ज्यांनी सोडलं ती मुलं आम्हाला सांगायला कशाला येतील?

सांगायला आली ती मनाली सावंत. एका जूनमध्ये वडिलांचा हात धरून आमचे दोन जिने चढून आली. घाटकोपरची मुलगी. घराजवळच्या साध्या मराठी शाळेत, डोळस मुलांच्या वर्गात बसणारी. नुकतीच दहावीत गेलेली. नववीचा आमचाच खंड तिच्या हातात होता. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“ताई, हे ‘येथे आकृती आहे’ कोण लिहितं?”

“मी टाइप करते,” मी म्हटलं.

“म्हणजे ती कशी आहे ते तुम्हाला माहितीये.”

“हो.”

“मग मला पण सांगा ना.”

तिच्या मागे उभे असलेले वडील कसनुसे हसले. विलास सावंत गोरेगावच्या एका छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करायचे. “मॅडम, राग मानू नका. ही अशीच बोलते. शाळेत पण वाट लावून आलीये.”

वाट काय लावली होती, तेही कळलं. शाळा म्हणत होती, गणित सोड, सवलतीचा विषय घे. मनाली म्हणत होती, सोडणार नाही. “अकरावीला कॉम्प्युटर घ्यायचंय मला. गणित नसेल तर दारात पण उभं करणार नाहीत.” तिच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मी त्यांना जाऊन भेटले. बाई वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. त्यांनी एक अट घातली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी गणिताचे जाधवसर तिची चाचणी घेतील. पुस्तकातली एखादी आकृती तिने कोणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या बोटांनी वाचून त्यावरचं प्रमेय सिद्ध केलं, तर गणित ठेवायचं. नाही जमलं, तर सोडायचं. “बोर्डात तिचा पेपर लिहायला लेखनिक मिळेल,” मोठ्या बाई म्हणाल्या, “पण आकृती समजावायला कोणी येणार नाही. मुलीचं वर्ष वाया गेलं तर तुम्ही येणार आहात का तिच्या आईला तोंड द्यायला?”

मी केंद्रात परतले आणि आकृत्या करायला घेतल्या.

आमच्याकडे आकृती काढायचं साधन म्हणजे दातेरी चक्र. करंजी कापायच्या फिरकीसारखंच, फक्त दाते टोकदार. रबरी पॅडवर कागद उलटा ठेवायचा आणि चक्र फिरवायचं, म्हणजे सुलट बाजूने ठिपक्यांची रेघ उठते. कागद उलटा असल्याने आकृतीही आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. मी आठवडाभर खपून वर्तुळाच्या प्रकरणातली पहिली मोठी आकृती काढली. वर्तुळ, बाहेरचा एक बिंदू, त्या बिंदूपासून वर्तुळाला टेकणाऱ्या दोन रेघा म्हणजे स्पर्शिका, केंद्रापर्यंतच्या त्रिज्या, सगळ्या बिंदूंची नावं. पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळणारी. मला स्वतःलाच ती फार आवडली.

देवधरबाईंनी तिच्यावर हात ठेवला. एक बोट रेघांवरून पुढे-मागे नेलं.

“काय गं, बांगड्याचे काटे आहेत का हे?”

“बाई, वर्तुळ आहे. दोन स्पर्शिका आहेत.”

“असतील. तुला दिसतायत ना, म्हणून आहेत. अगं, तुझा डोळा सगळं एका झटक्यात गिळतो आणि मग निवांत चघळतो. बोटाला एका वेळी बोटाएवढंच कळतं. सगळं एकदम वाढलंस तर ते कुठून जेवायला सुरुवात करणार?”

मग त्यांनी मला पद्धत शिकवली, आणि शिकवली म्हणजे रडवून शिकवली. एका आकृतीची तीन पानं करायची. पहिल्या पानावर नुसतं वर्तुळ आणि बाहेरचा बिंदू. दुसऱ्यावर त्यात स्पर्शिकांची भर. तिसऱ्यावर त्रिज्या आणि केंद्रापासून बाहेरच्या बिंदूपर्यंतची रेघ. नावं रेघेला खेटून लिहायची नाहीत, बोट जाईल एवढी जागा सोडायची. पुस्तकातला आकार विसरायचा, आकृती पानभर मोठी करायची.

मनाली शनिवारी शाळा सुटली की यायची आणि त्या पानांवर बसायची. तिचे प्रश्न सुईसारखे असायचे. “ताई, ही रेघ वर्तुळाला टेकते की कापते? मला दोन्ही सारखंच लागतंय.” तिचं बरोबर होतं. टेकणं आणि कापणं यांतच सगळं प्रकरण आहे, आणि माझ्या ठिपक्यांत तो फरक बुजत होता. पान रद्द. पुन्हा काढलं. पुन्हा रद्द. देवधरबाई आणि मनाली यांच्यामध्ये बसलेली मी, दोघींचं एकदम समाधान होईपर्यंत कागद फाडत राहिले. असं करत करत समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, भौमितिक रचना ही प्रकरणं झाली आणि दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर भूमितीचा खंड प्लास्टिकची स्प्रिंग लावून मनालीच्या हातात पडला. निघताना ती म्हणाली, “ताई, आता जाधवसर कुठली पण आकृती काढू देत.” मला झोप चांगली लागली त्या दिवशी.

सुट्टीतल्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. सोमवारी शाळा उघडणार होती.

“ताई, पुस्तक गेलं.”

“हरवलं?”

“नाही. हातात आहे. पण गेलं.”

संध्याकाळच्या आत बाप-लेक केंद्रात हजर झाले. सावंतांनी पिशवीतून खंड काढून टेबलावर ठेवला आणि क्षणभर मी ओळखलाच नाही. गडद निळ्या कापडाची भक्कम बांधणी, टोकं काटेकोर, पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘मनाली विलास सावंत’. इतकं सुंदर पुस्तक आमच्या केंद्रातून कधी बाहेर पडलं नव्हतं. मी उघडलं. पानं गुळगुळीत होती. हात फिरवला तर इथे तिथे कुठेतरी पुसट खरखर लागत होती, बाकी कोरा कागद.

मनाली आत्याकडे मुलुंडला गेली असताना त्यांनी हे केलं होतं. “पोरगी दिवसभर पानं उलटते,” सावंत सांगू लागले. “स्प्रिंगच्या भोकांपाशी कागद फाटायला आलेला. म्हटलं, भाऊबीज करून येईपर्यंत तिला सरप्राइज देऊ. प्रेस बंद होता, मालकाकडून चावी घेतली. शिवलं, सरस लावला, पुठ्ठा चढवला आणि दाबयंत्रात ठेवलं. दोन दिवस. पानं फुगलेली होती ना, म्हणून जरा जास्तच कसलं. मॅडम, पंचवीस वर्षांत माझं एक पुस्तक उसवलेलं नाही.”

“विचारायचं होतं ना, पप्पा!” मनाली म्हणाली. ती रडत नव्हती. तेच जास्त वाईट वाटत होतं.

“माका काय ठावक गो…” एरवी मुंबईच्या भाषेत बोलणारे सावंत एकदम मालवणीवर आले. “मी काय मुद्दाम केलंय? पुस्तकावर लिहायचं तरी कुठे. बॉक्सवर नसतं का, फ्रॅजाइल, धिस साइड अप?”

मला जरा राग आला. “लिहिलेलं आहे की, सावंत. पहिल्याच पानावर. ‘पुस्तक उभे ठेवावे. वर वजन ठेवू नये. ठिपके दबतात.’ प्रत्येक खंडात असतं.”

“कुठाय? दाखवा.”

मी पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. ते बघत राहिले. मीही बघत राहिले. ती सूचना ब्रेलमध्ये होती.

आमच्या केंद्राला त्या गोष्टीचा अभिमान होता. ब्रेलच्या पुस्तकात सगळं ब्रेलमध्ये, सूचनेपासून अनुक्रमणिकेपर्यंत; वाचणाऱ्याला कुठेही डोळस माणसाचं तोंड बघायला लागू नये. ही पद्धत देवधरबाईंनीच घालून दिलेली. मनालीने ते पान पहिल्या दिवशी वाचलेलं होतं. पण पुस्तक उचलणारे, ठेवणारे, कपाटात रचणारे, प्रेमाने बांधणारे हात डोळस माणसांचे असतात, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

देवधरबाई आपल्या खुर्चीवरून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “आपण वाचणाऱ्याला सांगितलं, उचलणाऱ्याला सांगितलंच नाही. सावंत, चूक आमची आहे. आता तुमच्या लेकीचं काय करायचं ते बोला.” त्यानंतर आमच्या प्रत्येक खंडाच्या पुठ्ठ्यावर तीच सूचना काळ्या शाईत, ठळक मराठीत असते. शाई आमच्याकडे आली ती अशी, बाहेरून छापून घेतलेल्या चिकटपट्ट्यांवर.

मजकुराची चिंता नव्हती. तो संगणकात होता, यंत्राने तासाभरात पुन्हा ठोकला असता. आकृत्या मात्र हाताच्या होत्या. एकाच मुलीसाठी केलेल्या, दुसरी प्रत नाही. माझं एकेक पान जमायला कित्येक दिवस लागले होते आणि हातात शनिवार-रविवार होता.

“मी सोमवारी सांगते सरांना, एक आठवडा द्या म्हणून,” मनाली म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, “नको. पुस्तक नाही म्हटलं की त्यांना बरंच होईल. मोठ्या बाई म्हणतील, बघ, हे असंच होणार तुझं वर्षभर.”

सावंत ते गुळगुळीत पान बोटांनी चाचपत होते. मग त्यांनी विचारलं, “रेघ ठिपक्यांचीच लागते का? दोरा नाही चालणार?”

“कसला दोरा?” देवधरबाईंनी विचारलं.

“शिलाईचा. मेण लावलेला. जाड आहे, बारीक आहे. सरसाने चिकटवला तर निघणार नाही, माझी गॅरंटी.”

“तुमची गॅरंटी आत्ताच पाहिली,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी घेऊन या.”

शनिवारी सकाळी आम्ही कामाला बसलो तेव्हा सावंत आधीच जिन्यात येऊन बसले होते. मी पेन्सिलने आकृती आखायची, सावंतांनी त्यावर दोरा बसवायचा, मनालीने आणि बाईंनी तपासायचं. आता उलटं काढायची भानगड नव्हती. पहिलं वर्तुळ त्यांनी असं सफाईने बसवलं, की मी वा म्हणणार होते. तेवढ्यात त्यांनी सवयीने त्यावरून तळहात घासून दोरा चांगला दाबून टाकला.

बाईंनी बोट फिरवलं. “सावंत, दाबलंत?”

“सरस धरायला नको का?”

“धरू दे त्याचा तो. तुम्ही चिकटवून झालं की हात मागे बांधून बसायचं.”

आणि खरोखर, एवढा पन्नाशीचा माणूस प्रत्येक दोरा चिकटवला की शाळेत शिक्षा झाल्यासारखा हात मागे बांधून बसू लागला. मनालीला पहिलं हसू आलं ते तेव्हा, मी सांगितल्यावर. “पप्पा, अंगठे पण धरा,” ती म्हणाली.

दोऱ्याने एक काम माझ्या चक्रापेक्षा चांगलं केलं. जाड दोऱ्याचं वर्तुळ आणि बारीक दोऱ्याची स्पर्शिका असली की बोट वर्तुळावरून फिरताना दुसऱ्या रेघेला एकाच जागी भेटायचं आणि पुढे जायचं. “टेकतेय!” मनाली ओरडली. “ताई, ही नुसती टेकतेय, आत जात नाहीये!” आम्ही जूनपासून ज्याच्या मागे होतो ते तिला मिळालं होतं. बिंदूंची नावं यंत्रावर ठोकून, त्यांच्या बारीक चौकोनी चिठ्ठ्या कापून जागच्या जागी चिकटवल्या; वेळ वाचावा म्हणून प्रत्येक नाव फक्त ते पहिल्यांदा येतं त्या पानावर. रविवारी दुपारपर्यंत वर्तुळाचं प्रकरण झालं. बाकीच्या प्रकरणांतल्या निम्म्याच आकृत्या झाल्या. जाधवसरांनी त्यातलीच एखादी काढावी, एवढीच आता आशा होती. पुन्हा स्प्रिंग लावली. खंड सावंतांनी छातीशी उभा धरून घाटकोपरला नेला.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत मी आणि सावंत भिंतीकडेच्या बाकावर बसलो. बोलायचं नाही, असं आम्हाला आधीच बजावलेलं होतं. जाधवसर तरुण होते, नाकासमोर चालणारे. त्यांच्या हातात छापील पुस्तक, मनालीपुढे आमचा खंड. सरांनी पुस्तक चाळलं, दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले.

“स्पर्शिकाखंडाचं प्रमेय काढ.”

ते झालेलं होतं. वर्तुळाबाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढल्या, तर त्यांची लांबी सारखी असते, एवढंच ते प्रमेय. मनालीने पानं मोजत बरोबर पहिलं पान काढलं. वर्तुळ वाचलं, बाहेरचा बिंदू वाचला. दुसऱ्या पानावर गेली. डाव्या हाताचं बोट बाहेरच्या बिंदूवर रोवून उजव्या हाताने एक दोरा धरला आणि त्याच्यावरून घसरत वर्तुळापर्यंत गेली. “इथे टेकली. बिंदू पी.” परत फिरली. दुसरा दोरा धरला. वर्तुळापर्यंत गेली आणि थांबली.

तिचं बोट दोरा जिथे टेकत होता त्याच्या आसपास फिरू लागलं. वर, खाली, बाहेरच्या बाजूला. मी बाकावरून मान उंचावून पाहिलं. तिथे चिठ्ठी नव्हती. क्यू हे नाव असलेला बारीक चौकोन सुटून गेला होता.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचं बोट अजून शोधत होतं. जूनपासून आम्ही तिला सांगत आलो होतो, पुस्तकात आहे तेच वाचायचं, मनाने काही घालायचं नाही. आणि पुस्तकात तर नव्हतं.

मनालीने हात उचलला.

“सर, इथे बिंदू आहे, पण त्याला नाव दिलेलं नाही. मी त्याला एम म्हणते. चालेल?”

जाधवसरांनी हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. तिथे क्यू होता. त्यांनी पुस्तक मिटलं.

“चालेल. काहीही म्हण.”

मग ती थांबली नाही. तिसरं पान काढलं. केंद्रापासून पी आणि एमकडे गेलेल्या त्रिज्या दाखवल्या, त्या सारख्या का ते सांगितलं, त्रिज्या आणि स्पर्शिका काटकोनात असतात ते सांगितलं, केंद्रापासून बाहेरच्या बिंदूपर्यंतची रेघ दोन्ही त्रिकोणांत एकच आहे ते सांगितलं. “म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणून ही बाजू आणि ही बाजू सारखी. झालं, सर.” दोन्ही हातांच्या दोन बोटांनी तिने दोन्ही दोरे धरून ठेवले होते, जणू कोणी ते काढून नेईल.

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. “जाधव?”

“मॅडम, माझ्या वर्गात आकृतीतलं एक अक्षर बदललं तर निम्मी मुलं प्रमेय सोडून देतात,” जाधवसर म्हणाले. “हिचं गणित ठेवा.”

मोठ्या बाईंनी पुढची विचारपूस केली, बाकीच्या आकृत्या कधी होणार, पूर्वपरीक्षेला काय, लेखनिक कोण. पण ठेवायचं ठरलं. पुढचं इथेच सांगून टाकते. मनाली बोर्डाला गणित घेऊन बसली आणि पास झाली. मार्क मात्र अंकात लिहायचे नाहीत, तिच्या मते ते कमी पडले, असं तिने मला बजावून ठेवलंय. ती आता कॉम्प्युटरच शिकते. आमच्या केंद्रात आकृत्यांचं वेगळं टेबल आहे, आणि ‘येथे आकृती आहे’ ही ओळ आम्ही छापतो, पण तिच्या खाली आकृती असते.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात आल्यावर सावंत भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. मी खंड चाळला. क्यूची चिठ्ठी आधीच्या पानाच्या पाठीला चिकटून बसली होती. मी देवधरबाईंना फोन लावला आणि तिघांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“झालं का?” पलीकडून आवाज आला. व्हरांड्यातली दोन मुलं दचकून वळली.

“झालं, बाई. ठेवलं गणित.”

थोडा वेळ नुसतं नाक शिंकरल्याचं ऐकू आलं. मग, “मनाली आहे का तिथे?”

“आहे मॅडम,” मनाली म्हणाली. “महत्त्वमापनाचं प्रकरण कधी मिळेल? सर डिसेंबरमध्ये घेणार आहेत.”

“ऐकलंस, ज्योती? शंकू, दंडगोल, गोल. सगळ्या फुगीर वस्तू. छापील पुस्तकवाले त्या सपाट कागदावर रेघा मारून दाखवतात आणि डोळ्याला ते खरं वाटतं. बोटाला कसं वाटेल? तुझं चक्र आणि सावंतांचा दोरा, दोन्ही कामाची नाहीत. काही विचार केलायस?”

मी केलेला नव्हता. सावंतांनी घाईघाईने तोंड पुसलं आणि फोनपाशी वाकले.

“शंकू ना? पुठ्ठ्याचा करू की. खराखुरा. प्रेसमध्ये जाड पुठ्ठा पडलाय, उद्याच घेऊन येतो.”

“आणा,” मनाली म्हणाली. “आणि पप्पा, झाला की दाबयंत्रात ठेवू नका.”